विस्तारित शिक्षणविषयक सहकारी संशोधन

शाळेच्या नियमित तासांव्यतिरिक्त, परंतु निश्चित शैक्षणिक हेतूने व प्रौढांच्या देखरेखीखाली मुलांसाठी चालविल्या जाणाऱ्या उपक्रमांना ‘विस्तारित शिक्षण’ अशी व्यापक संज्ञा आहे. शाळा सुटल्यानंतरचे अभ्यासवर्ग, छंदमंडळे, क्रीडा व कलांचे वर्ग, दुपारची बालकेंद्रे, पूर्ण दिवसाच्या शाळांतील दुपारचे कार्यक्रम, सुटीतील शिबिरे इत्यादींचा तीत समावेश होतो. शेती, आरोग्य वगैरे विषयांतील ज्ञान विद्यापीठांकडून ग्रामीण जनतेपर्यंत पोहोचविणाऱ्या विस्तार शिक्षणाहून ही संकल्पना भिन्न आहे. या उपक्रमांचा मुलांवर कोणता परिणाम होतो, हे तपासण्यासाठी निरनिराळ्या संस्था, विद्याशाखा व देश यांतील संशोधकांनी एकत्र येऊन जे गट उभारले, त्यांच्या कार्याचा इतिहास प्रस्तुत नोंदीत दिला आहे. हे कार्य प्रामुख्याने १९९० नंतरचे असले, तरी ज्या प्रश्नातून ते उद्‌भवले तो प्रश्न शंभरांहून अधिक वर्षांचा आहे. शाळेबाहेरचे तास कोणाच्या स्वाधीन असावेत आणि त्या तासांमुळे गरीब व सधन मुलांमधील अंतर कमी होते की वाढते, हा तो प्रश्न होय.

स्वरूप व परिभाषा : या क्षेत्रातील पहिली अडचण नावांची आहे. स्वीडनमध्ये ‘फ्रीटिड्‌सहेम’ (फुरसतीचे घर), जर्मनीत ‘गान्त्सटाग्सशूले’ (पूर्ण दिवसाची शाळा), जपानमध्ये ‘गाकुदो होइकु’ (शाळकरी मुलांचे संगोपन) आणि इंग्रजीभाषक देशांत ‘आफ्टर-स्कूल प्रोग्रॅम’ अशी नावे रूढ आहेत. ही नावे एकाच वस्तूची नाहीत. स्वीडनमध्ये खेळ व सामाजिक वाढ यांवर भर असतो, अमेरिकेत अभ्यासातील प्रगतीची अपेक्षा अधिक असते, तर जपानमध्ये नोकरी करणाऱ्या पालकांच्या मुलांची काळजी घेणे हा मूळ हेतू आहे. चालविणाऱ्या संस्थाही भिन्न असतात. कोठे शाळा, कोठे नगरपालिका, कोठे धर्मादाय मंडळे, तर कोठे खाजगी व्यावसायिक हे उपक्रम चालवितात. परिणामी एका देशातील निष्कर्ष दुसऱ्या देशाला जसाच्या तसा लागू करता येत नाही. मोजावयाचे काय, हे आधी परस्परांत ठरवावे लागते. संशोधकांना गट करून काम करण्याची जी आवश्यकता भासली, तिचे हे एक प्रमुख कारण होय.

ऐतिहासिक पार्श्वभूमी : औद्योगिक शहरांत बालमजुरीवर निर्बंध आले व प्राथमिक शिक्षण सक्तीचे झाले, तेव्हा कामगारांच्या मुलांच्या जीवनात एक नवीन काळ निर्माण झाला. शाळा सुटलेली असे, पण आईवडील कारखान्यातून परतलेले नसत. हा काळ मुले रस्त्यावर घालवीत. स्वीडनमध्ये आन्ना हिएर्ता-रेट्सियुस (१८४१–१९२४) यांच्या पुढाकाराने १८८७ मध्ये स्टॉकहोम येथे मुलांसाठी पहिली ‘कामाची खोली’ सुरू झाली. तेथे गरीब मुलांना हस्तव्यवसाय शिकवीत व जेवण देत. लंडनमध्ये कादंबरीकर्त्री मेरी ऑगस्टा वॉर्ड (१८५१–१९२०) यांनी पॅसमोर एडवर्ड्‌स सेटलमेंट या संस्थेत १८९७ च्या सुमारास मुलांचे क्रीडाकेंद्र चालू केले. त्याचा अनुभव पाहून अशा केंद्रांना स्थानिक शिक्षणाधिकाऱ्यांनी साहाय्य करावे, अशी तरतूद १९०७ च्या ब्रिटिश शिक्षण अधिनियमात करण्यात आली. अमेरिकेत मुलांची मंडळे आणि शिकागोतील हल हाउस (स्थापना १८८९) यांसारखी वस्तिगृहे हेच कार्य करीत. हल हाउसच्या एक संस्थापिका जेन ॲडम्स (१८६०–१९३५) यांनी शहरी मुलांच्या खेळाच्या गरजेवर विपुल लेखन केले.

या सर्व प्रयत्नांत दोन हेतू एकत्र नांदत होते. मुलांना संरक्षण मिळावे हा एक आणि त्यांना वळण लागावे हा दुसरा. तथापि परिणामांची पद्धतशीर तपासणी त्या काळी होत नसे. किती मुले आली व किती खर्च झाला, एवढीच नोंद वार्षिक अहवालांत आढळते. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात अमेरिकेत स्त्रिया मोठ्या संख्येने युद्धोपयोगी कारखान्यांत कामाला जाऊ लागल्या. तेव्हा लॅनहॅम अधिनियमाखालील निधीतून बालसंगोपनकेंद्रे व शाळकरी मुलांसाठी शाळाबाह्य वेळेतील सोय करण्यात आली. युद्ध संपताच १९४६ मध्ये हा निधी बंद झाला. या सेवा संकटकाळापुरत्या आहेत, कायम हक्काच्या नाहीत, ही शासनाची भूमिका त्यावरून दिसून येते.

अमेरिकेतील संशोधन : गळ्यात घराची किल्ली अडकवून एकट्याने घरी परतणाऱ्या मुलांचा प्रश्न १९७० नंतर पुन्हा चर्चेत आला. मातांच्या नोकरीचे प्रमाण वाढल्याने तो केवळ गरिबांपुरता राहिला नव्हता. आरंभीचे अभ्यास लहान नमुन्यांवर आधारलेले होते व त्यांचे निष्कर्ष परस्परविरोधी होते. एकट्याने राहणारी मुले बिघडतात असे काही अभ्यासांत आढळले, तर काहींत तसा फरक दिसला नाही. घराची आर्थिक स्थिती, परिसर आणि पालकांचे लक्ष या गोष्टी वेगळ्या काढल्याखेरीज शाळाबाह्य वेळेचा परिणाम ठरविता येणार नव्हता. त्यासाठी मोठा नमुना व दीर्घकालीन निरीक्षण आवश्यक होते आणि ते एका संशोधकाच्या किंवा एका विद्यापीठाच्या आवाक्याबाहेरचे होते.

अमेरिकेच्या राष्ट्रीय बालआरोग्य व मानवविकास संस्थेने १९९१ मध्ये सुरू केलेला अभ्यास या दृष्टीने महत्त्वाचा आहे. देशातील १० केंद्रांवरील संशोधकांनी समान प्रश्नावल्या व समान चाचण्या वापरून १,३६४ मुलांचा जन्मापासून मागोवा घेतला. मुळात हा अभ्यास शालापूर्व संगोपनाचा होता. मुले शाळेत जाऊ लागल्यावर शाळेच्या आधीच्या व नंतरच्या वेळेतील व्यवस्थेचाही त्यात समावेश झाला. मूल कोठे वेळ घालविते एवढे पाहणे पुरेसे नाही, तेथे त्याला कोणता अनुभव मिळतो तेही पाहिले पाहिजे, ही दृष्टी अशा अभ्यासांतून दृढ झाली. या गटात काम केलेल्या डेबरा व्हँडेल व त्यांचे सहकारी यांनी पुढे ८ राज्यांतील १४ गावे-शहरांतील ३५ निवडक केंद्रांचा अभ्यास केला. त्याचा अहवाल २००७ मध्ये प्रसिद्ध झाला. चांगल्या केंद्रांत नियमितपणे जाणाऱ्या मुलांची गणितातील प्रगती व कामाच्या सवयी तुलनेने अधिक चांगल्या असल्याचे त्यात आढळले.

दरम्यान शासकीय योजना वेगाने वाढली होती. ‘एकविसाव्या शतकातील समाज अध्ययनकेंद्रे’ या नावाची योजना १९९४ च्या अधिनियमाने मंजूर झाली. १९९८ मध्ये तिच्यासाठी सु. ४ कोटी डॉलरची तरतूद होती. २००२ पर्यंत ती सु. १०० कोटी डॉलरवर गेली. इतक्या मोठ्या खर्चाचे फळ काय, हे तपासण्याचे काम मॅथेमॅटिका या संशोधनसंस्थेकडे सोपविण्यात आले. तिचा पहिल्या वर्षाचा अहवाल फेब्रुवारी २००३ मध्ये प्रसिद्ध झाला. केंद्रात जाणाऱ्या मुलांची अभ्यासातील प्रगती इतरांहून फारशी वेगळी नसल्याचा त्याचा मुख्य निष्कर्ष होता. अहवालाचा आधार घेऊन शासनाने योजनेची तरतूद ६० कोटी डॉलरपर्यंत खाली आणण्याचा प्रस्ताव मांडला.

या प्रस्तावावर झालेला वाद हा विस्तारित शिक्षणाच्या संशोधनातील एक निर्णायक टप्पा मानला जातो. अभ्यासाच्या पद्धतीवर अनेक आक्षेप घेण्यात आले. प्राथमिक शाळांतील केंद्रांबाबत इच्छुक मुलांमधून चिठ्ठ्या टाकून निवड केली होती व ती तुलना विश्वसनीय होती. मधल्या इयत्तांबाबत मात्र केंद्रात येणारी मुले व त्यांच्याशी साधर्म्य असलेली इतर मुले यांची तुलना केली होती. दोहोंत आरंभीच फरक असण्याची शक्यता होती. उपस्थितीचा मुद्दा त्याहून महत्त्वाचा होता. मधल्या इयत्तांतील मुले वर्षभरात सरासरी सु. ३२ दिवस व प्राथमिक शाळांतील मुले सु. ५८ दिवसच केंद्रात आली होती. इतक्या अल्प सहवासातून गुणांत मोठी वाढ अपेक्षिणे योग्य आहे काय, असा प्रश्न विचारण्यात आला. कॅलिफोर्नियात २००२ च्या सार्वमताने शाळेनंतरच्या केंद्रांसाठी निधी राखून ठेवण्यात आला होता. त्या मोहिमेचे पुरस्कर्ते, अभिनेते आर्नल्ड श्वार्झनेगर, यांनी सिनेटच्या समितीपुढे प्रस्तावित कपातीविरुद्ध साक्ष दिली. अखेर काँग्रेसने कपात नाकारली व तरतूद सु. १०० कोटी डॉलरच्या आसपास कायम ठेवली. २००५ च्या अंतिम अहवालातही गुणांच्या बाबतीतील निष्कर्ष फारसा बदलला नाही. प्राथमिक शाळांतील मुलांना शाळेनंतरच्या वेळेत अधिक सुरक्षित वाटते, एवढा लाभ मात्र त्यात स्पष्ट झाला.

या वादामुळे संशोधनाचा रोख बदलला. ‘अशा केंद्रांचा उपयोग होतो काय’ हा प्रश्न फार ढोबळ आहे, हे संशोधकांच्या ध्यानात आले. कोणत्या प्रकारच्या केंद्राचा, कोणत्या मुलांना आणि किती काळानंतर उपयोग होतो, असे प्रश्न विचारले जाऊ लागले. जोसेफ डुर्लॅक, रॉजर वाइसबर्ग व मॉली पॅचन यांनी मुलांची वैयक्तिक व सामाजिक कौशल्ये वाढविण्याचा हेतू असलेल्या सु. ७० कार्यक्रमांच्या निष्कर्षांचे एकत्रित विश्लेषण करून ते २०१० मध्ये प्रसिद्ध केले. ज्या कार्यक्रमांत कौशल्ये क्रमाक्रमाने शिकविली जात, मुलांना प्रत्यक्ष कृती करावी लागे, त्यासाठी पुरेसा वेळ राखलेला असे व उद्दिष्ट स्पष्ट असे, त्यांचा परिणाम चांगला दिसला. ही चार वैशिष्ट्ये नसलेल्या कार्यक्रमांचा लक्षणीय परिणाम आढळला नाही. सर्व केंद्रांची सरासरी काढल्यास चांगल्या केंद्रांचे यश वाईट केंद्रांच्या अपयशात लपून जाते, हे यावरून सिद्ध झाले.

जर्मनीतील संशोधनगट : विस्तारित शिक्षणावरील सहकारी संशोधनाचे सर्वांत व्यापक उदाहरण जर्मनीत आढळते. जर्मनीत विसाव्या शतकात अर्ध्या दिवसाची शाळा रूढ झाली होती. मुले दुपारच्या जेवणाला घरी येत व उर्वरित दिवस कुटुंबाच्या ताब्यात असे. युद्धोत्तर काळात पूर्व जर्मनीत प्राथमिक शाळांना जोडून दुपारची संगोपनकेंद्रे सर्वत्र उघडण्यात आली. पश्चिम जर्मनीत याच कारणामुळे पूर्ण दिवसाच्या शाळेकडे संशयाने पाहिले जाई. मुलांचे संगोपन कुटुंबाकडून काढून राज्यसंस्थेकडे देण्याचा तो प्रकार आहे, अशी टीका होत असे. जर्मन शिक्षण परिषदेने १९६८ मध्ये पूर्ण दिवसाच्या शाळांचे प्रयोग करण्याची शिफारस केली, तथापि प्रयोगांपलीकडे त्यांचा प्रसार झाला नाही. २००२ मध्ये सु. १० टक्केच विद्यार्थी अशा शाळांत होते.

ही स्थिती पालटली ती एका आंतरराष्ट्रीय चाचणीमुळे. आर्थिक सहकार्य व विकास संघटनेने २००० मध्ये पंधरा वर्षे वयाच्या मुलांची घेतलेली ‘पिसा’ चाचणी व तिचे डिसेंबर २००१ मध्ये जाहीर झालेले निकाल यांनी जर्मनीला धक्का बसला. वाचनात जर्मन मुलांची सरासरी ४८४, म्हणजे सहभागी देशांच्या ५०० या सरासरीपेक्षा कमी होती. त्याहून गंभीर गोष्ट म्हणजे, मुलाचे घर व त्याचे यश यांचा परस्परसंबंध जर्मनीत इतर बहुतेक देशांपेक्षा अधिक घट्ट असल्याचे दिसून आले. दुपारचा वेळ घरावर सोपविल्यामुळे शिकलेल्या पालकांच्या मुलांना साहाय्य मिळते व इतरांना मिळत नाही, असा युक्तिवाद पुढे आला. मे २००३ मध्ये संघशासन व १६ राज्ये यांच्यात करार होऊन पूर्ण दिवसाच्या शाळा उभारण्यासाठी ४०० कोटी यूरोंचा कार्यक्रम आखण्यात आला. आठवड्यातून किमान तीन दिवस, प्रत्येकी किमान सात तास शाळा, त्या दिवशी दुपारचे जेवण आणि मुख्याध्यापकाच्या देखरेखीखाली सकाळच्या अध्यापनाशी संबंध असलेले दुपारचे उपक्रम, अशी या शाळांची व्याख्या राज्यांच्या शिक्षणमंत्र्यांच्या परिषदेने ठरविली. उपस्थिती सर्वांना सक्तीची, काहींना सक्तीची किंवा पूर्णतः ऐच्छिक, असे त्यांचे तीन प्रकार होते.

या बदलाचा मागोवा घेण्यासाठी २००५ मध्ये ‘पूर्ण दिवसाच्या शाळांच्या विकासाचा अभ्यास’ सुरू झाला. फ्रँकफुर्ट येथील शिक्षणसंशोधनसंस्था, म्यूनिकची जर्मन युवकसंस्था, डॉर्टमुंड विद्यापीठातील शालाविकास-संशोधनसंस्था आणि गीसेन विद्यापीठ या चार संस्था त्यात सहभागी होत्या. एकहार्ट क्लीमे, थोमास राउशेनबाख, हाइन्त्स ग्युंटर होल्टापेल्स व लुडविग श्टेखर हे त्यांचे प्रमुख होते. अध्ययनाचे मापन, कुटुंब व युवककल्याण, शाळेचे व्यवस्थापन आणि अभ्यासेतर उपक्रम अशा भिन्न विषयांतील जाणकारांना एकाच आराखड्याखाली आणणे, हे या गटाचे वैशिष्ट्य होय. पहिल्या टप्प्यात २००५, २००७ व २००९ अशा तीन वेळा सु. ३७० शाळांची पाहणी झाली. मुख्याध्यापक, शिक्षक, दुपारी काम करणारे इतर कर्मचारी, विद्यार्थी, पालक तसेच शाळेला साहाय्य करणारी क्रीडामंडळे व संगीतशाळा, या सर्वांना प्रश्न विचारण्यात आले. २०१२–१५ व २०१६–१९ या पुढील टप्प्यांत विशिष्ट प्रश्नांवर स्वतंत्र उपअभ्यास करण्यात आले.

चिठ्ठ्या टाकून मुलांची विभागणी करण्याची पद्धत जर्मनीत योजता येण्याजोगी नव्हती. शाळा संपूर्णपणे बदलत होत्या आणि बहुतेक ठिकाणी सहभाग ऐच्छिक होता. ऐच्छिक उपक्रमास जी मुले येतात, ती न येणाऱ्या मुलांहून मुळातच निराळी असतात. त्यामुळे दोहोंच्या गुणांची एकदाच तुलना करणे दिशाभूल करणारे ठरते. यावर उपाय म्हणून त्याच मुलांचा पाचवीपासून नववीपर्यंत मागोवा घेण्यात आला व प्रत्येक मुलातील बदलाची नोंद झाली. सहभागाचा कालावधी आणि उपक्रमाची गुणवत्ता ही दोन परिमाणे स्वतंत्रपणे मोजण्यात आली.

या अभ्यासाचे निष्कर्ष मिश्र स्वरूपाचे होते. अनेक वर्षे सातत्याने सहभागी होणाऱ्या मुलांवर त्याच इयत्तेत पुन्हा बसण्याची पाळी कमी येते व त्यांच्या सामाजिक वर्तनात सुधारणा होते, असे आढळले. जेथे मुलांना उपक्रम रंजक वाटत व शिकविणाऱ्यांशी जिव्हाळ्याचे संबंध असत, तेथे शाळेतील गुणांवरही इष्ट परिणाम दिसला. परंतु प्रमाणित चाचण्यांनी मोजलेल्या वाचन वा विज्ञान यांतील क्षमतेवर केवळ सहभागाचा सर्वसाधारण परिणाम आढळला नाही. सकाळचे अध्यापन व दुपारचे उपक्रम यांची सांगड बहुसंख्य शाळांत ढिलीच राहिली होती. शिक्षक सकाळी शिकवून जात व दुपारी कमी वेतनावरील किंवा मानसेवी माणसे काम पाहत. दोहोंना एकत्र बसून विचार करण्यास वेळच ठेवलेला नसे. ज्या विषमतेच्या निर्मूलनासाठी हा खर्च झाला, ती अधिक तास दिल्याने आपोआप दूर होत नाही, हे या अभ्यासाने दाखविले. ज्या संघीय शिक्षणमंत्रालयाने पूर्ण दिवसाच्या शाळांचा पुरस्कार केला त्याच्याच निधीवर हे संशोधन चालले होते, तरीही प्रतिकूल निष्कर्ष प्रसिद्ध झाले, ही गोष्ट उल्लेखनीय आहे.

निष्कर्ष मिश्र असूनही शाळांचा विस्तार थांबला नाही. २०१८ च्या सुमारास ४० टक्क्यांहून अधिक विद्यार्थी पूर्ण दिवसाच्या शाळांत होते. प्राथमिक शाळेतील प्रत्येक मुलास पूर्ण दिवसाच्या व्यवस्थेचा हक्क ऑगस्ट २०२६ पासून पहिल्या इयत्तेपासून क्रमाने देण्याचा कायदा २०२१ मध्ये संमत झाला. पालकांच्या, विशेषतः मातांच्या, नोकरीची गरज हे त्यामागील एक प्रबळ कारण होते. संशोधनाने धोरणाची दिशा ठरविली असे म्हणता येत नाही, मात्र गुणवत्तेचा प्रश्न त्याने धोरणकर्त्यांपुढे सतत ठेवला.

आंतरराष्ट्रीय सहकार्य : गीसेन येथील श्टेखर, झाबीने माश्के व इतर देशांतील संशोधक यांच्या प्रयत्नांतून २०१३ मध्ये विस्तारित शिक्षणाच्या संशोधनास वाहिलेले आंतरराष्ट्रीय नियतकालिक निघाले. शाळेनंतरचे कार्यक्रम, पूर्ण दिवसाच्या शाळा व फुरसतीची केंद्रे यांना एका छत्राखाली आणणारी ‘विस्तारित शिक्षण’ ही संज्ञा त्यामुळे रूढ होऊ लागली. शिक्षणसंशोधनाच्या जागतिक संघाने (स्थापना २००९) निरनिराळ्या विषयांसाठी जी आंतरराष्ट्रीय संशोधनजाळी मान्य केली, त्यांत विस्तारित शिक्षणाचेही एक आहे. मारिआने श्युपबाख या त्याच्या एक प्रमुख संघटक होत. २०१७ मध्ये जर्मनीतील बामबेर्क येथे या जाळ्याची परिषद भरली. युरोपीय देश, अमेरिका, ऑस्ट्रेलिया, जपान व दक्षिण कोरिया येथील संशोधक या जाळ्यात एकत्र आले.

या सहकार्यातून प्रत्येक देशाला आपल्या गृहीतांची जाणीव झाली. स्वीडनमध्ये फुरसतीची केंद्रे १९९० नंतरच्या दशकात समाजकल्याण विभागाकडून शिक्षण विभागाकडे आली व २०१६ मध्ये राष्ट्रीय अभ्यासक्रमात त्यांच्यासाठी स्वतंत्र प्रकरण घालण्यात आले. आन्ना क्लेरफेल्ट, ब्यॉर्न हाग्लुंड इ. स्वीडिश अभ्यासकांनी या बदलाची चर्चा केली आहे. मुलांचे स्वतःचे अनुभव व खेळ हे तेथील संशोधनाचे केंद्र आहे आणि गुणांवरून केंद्राची किंमत ठरविणे त्यांना मान्य नाही. उलट अमेरिकी संशोधकांना गुणांच्या पुराव्याखेरीज निधी टिकविणे कठीण जाते. ऑस्ट्रेलियाने २०११ मध्ये शालेय वयाच्या मुलांच्या संगोपनासाठी राष्ट्रीय आराखडा स्वीकारून खेळ व फुरसत यांना शैक्षणिक मूल्य दिले. हे मतभेद मिटलेले नाहीत, तथापि ते उघड झाल्याने तुलना अधिक प्रामाणिक झाली.

खाजगी शिकवण्या : पूर्व आशियात या प्रश्नाला निराळे वळण आहे. तेथे शाळेनंतरचा वेळ रिकामा नसून तो खाजगी शिकवण्यांनी व्यापलेला आहे. जपानमधील ‘जुकु’ व दक्षिण कोरियातील ‘हाग्वोन’ ही त्यांची प्रसिद्ध रूपे होत. कोरियन शासनाने १९८० मध्ये खाजगी शिकवण्यांवर बंदी घातली. ती क्रमाने शिथिल होत गेली व २००० मध्ये तेथील संवैधानिक न्यायालयाने ती घटनाबाह्य ठरविली. बंदी फसल्यानंतर शासनाने शाळेतच अल्प शुल्कात दुपारचे वर्ग चालविण्याचा मार्ग स्वीकारला. २००६ पासून या वर्गांना एकत्रित रूप देण्यात आले. बे सांग हून इ. कोरियन संशोधकांनी आंतरराष्ट्रीय जाळ्यात हा अनुभव मांडला. मार्क ब्रे यांनी १९९९ मध्ये यूनेस्कोच्या शैक्षणिक नियोजन संस्थेसाठी लिहिलेल्या पुस्तकात शिकवण्यांना ‘छायाशिक्षण’ म्हटले. मूळ शाळा जशी बदलते तशी तिची छायाही बदलते, असा त्या रूपकाचा आशय आहे. सार्वजनिक उपक्रम अपुरे असल्यास ज्यांची ऐपत आहे ते शाळाबाह्य शिक्षण विकत घेतात व विषमता वाढते, हा या संशोधनाचा इशारा आहे.

भारत : शाळेच्या वेळेबाहेर शिक्षण देण्याची परंपरा महाराष्ट्रात जुनी आहे. महात्मा जोतीराव फुले यांनी १८५५ मध्ये पुण्यात श्रमिकांसाठी रात्रशाळा काढली. ना. म. जोशी यांनी १९११ मध्ये स्थापन केलेल्या सोशल सर्व्हिस लीगने मुंबईच्या कामगारवस्तीत रात्रशाळा व वाचनालये चालविली. मुलांच्या सर्जनशील उपक्रमांसाठी दिल्ली येथे १९५६ मध्ये बालभवन स्थापन झाले. मात्र या कार्याचे परिणाम मोजणारे सहकारी संशोधन दीर्घकाळ झाले नाही. दरम्यान खाजगी शिकवण्यांचा प्रसार वाढत गेला. राष्ट्रीय नमुना पाहणीच्या ७५ व्या फेरीत (२०१७-१८) सु. एक-पंचमांश विद्यार्थी शिकवणी लावत असल्याचे आढळले.

या क्षेत्रात भारतातील पहिले महत्त्वाचे सहकार्य एका स्वयंसेवी संस्थेमुळे घडले. मुंबईच्या वस्त्यांत १९९० नंतरच्या दशकात कार्याला आरंभ करणारी ‘प्रथम’ ही संस्था आणि अमेरिकेतील मॅसॅचूसेट्‌स तंत्रविद्या संस्थेतील दारिद्र्यविषयक संशोधनकेंद्राचे अर्थशास्त्रज्ञ यांनी उत्तर प्रदेशातील जौनपूर जिल्ह्यात २००५-०६ मध्ये २८० गावांचा अभ्यास केला. अभिजित बॅनर्जी, एस्थर डुफ्लो, ‘प्रथम’च्या रुक्मिणी बॅनर्जी व इतर या गटात होते. काही गावांत पालकांना शाळासमितीच्या अधिकारांची माहिती देण्यात आली, तर काही गावांत मुलांच्या वाचनाची चाचणी गावकऱ्यांनीच घ्यावी अशी योजना होती. उरलेल्या एका गटातील ६५ गावांत याखेरीज स्थानिक तरुणांना शाळेबाहेर वाचनशिबिरे घेण्याचे अल्प प्रशिक्षण देण्यात आले. केवळ माहिती दिल्याने सरकारी शाळांत सुधारणा झाली नाही. वाचनशिबिरांत जाणाऱ्या मुलांच्या वाचनात मात्र स्पष्ट प्रगती झाली. तथापि त्या गावांतील सु. ८ टक्केच मुले शिबिरांना गेली. उपाय गुणकारी असूनही तो बहुतेक मुलांपर्यंत पोहोचला नाही, हा अमेरिकेतील उपस्थितीच्या प्रश्नाशी जुळणारा अनुभव होय.

कार्तिक मुरलीधरन, अभिजीत सिंग व अलेहान्द्रो गानिमियान यांनी दिल्लीतील ‘माइंडस्पार्क’ या केंद्रांचा अभ्यास २०१५-१६ मध्ये केला. त्यात सरकारी माध्यमिक शाळांतील ६१९ विद्यार्थ्यांमधून चिठ्ठ्यांद्वारे निवड झाली. निवडलेल्यांना शाळेनंतर रोज ९० मिनिटे, आठवड्यातून सहा दिवस, संगणक व लहान गटातील साहाय्य मिळे. सु. साडेचार महिन्यांनंतर घेतलेल्या चाचण्यांत गणितात ०·३७ व हिंदीत ०·२३ प्रमाण विचलन इतकी अधिक प्रगती आढळली. ही वाढ अशा अभ्यासांत मोठी गणली जाते. यशाचे मुख्य कारण असे की, मूल ज्या इयत्तेत बसते त्या इयत्तेचा पाठ न देता त्याला प्रत्यक्षात जेवढे येते तेथून पुढे शिकविले जात होते. सहावीतील अनेक मुले पाठ्यक्रमाच्या दोनतीन वर्षे मागे असल्याचे या अभ्यासात दिसून आले होते. म्हणजे शाळेनंतरच्या दीड तासाचा लाभ त्या वेळी मुलाच्या गरजेप्रमाणे शिकविल्याने झाला. शाळेतलाच पाठ पुन्हा गिरविल्याने तो झाला असता, असे या निष्कर्षावरून म्हणता येत नाही.

मूल्यमापन : या संशोधनाच्या काही मर्यादा स्पष्ट आहेत. बहुतेक अभ्यास श्रीमंत देशांतील आहेत व चर्चा प्रामुख्याने इंग्रजीत होते. आफ्रिका, लॅटिन अमेरिका व दक्षिण आशिया येथील अनुभव त्यांत थोडा आहे. दीर्घकालीन अभ्यासास मोठा निधी लागतो व तो बहुधा शासनाकडूनच येतो. त्यामुळे शासन बदलताच प्रश्नही बदलण्याचा संभव राहतो. खेळ, मैत्री व निवांतपणा यांचे मापन करण्याची समाधानकारक साधने अजून विकसित व्हावयाची आहेत आणि जे मोजता येत नाही त्याला किंमत नाही, असा समज त्यातून पसरण्याचा धोका आहे.

तरीही स्वतंत्रपणे चाललेल्या या गटांचे निष्कर्ष तीन मुद्द्यांवर एकमेकांच्या जवळ येतात. पहिला, मूल नियमित आले नाही तर उत्तम केंद्राचाही लाभ त्याला होत नाही. म्हणून उपस्थिती हा मुलाच्या आवडीचा व घरच्या परिस्थितीचा प्रश्न म्हणून हाताळावा लागतो. दुसरा, तासांच्या संख्येपेक्षा त्या तासांत काय घडते व ते कोण घडविते, यावर परिणाम अवलंबून असतो. अल्प वेतनावरील, अप्रशिक्षित व शाळेच्या विचारविनिमयातून वगळलेल्या माणसांवर दुपार सोपविल्यास खर्च होतो, पण अंतर मिटत नाही. तिसरा, सार्वजनिक व्यवस्था नसेल तर शाळेबाहेरचा वेळ रिकामा राहत नाही. तो बाजाराकडे किंवा रस्त्याकडे जातो आणि दोन्ही परिस्थितींत गरीब मुलाचेच नुकसान होते. स्टॉकहोम व लंडन येथील एकोणिसाव्या शतकातील कार्यकर्त्यांना हा शेवटचा मुद्दा अनुभवाने ठाऊक होता. पहिले दोन मुद्दे सिद्ध करण्यास अनेक संस्थांच्या संशोधकांना एकाच मापाने व अनेक वर्षे काम करावे लागले. विस्तारित शिक्षणाची नवी योजना आखणाऱ्या कोणत्याही शासनाला हे तीन मुद्दे दुर्लक्षिता येणार नाहीत.